रात्री साडेतीनला लॅबमध्ये कोण असतं

अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला पोचले त्याच्या दुसऱ्याच रात्री लेक म्हणाली, "आई, तू जेवून झोप. माझं रन चालू आहे, यायला तीन-साडेतीन होतील."

सांगलीच्या कॉलेजात 31 वर्षं फिजिक्स शिकवलंय, त्यामुळे रन म्हणजे मध्ये थांबवता न येणारी प्रयोगाची सलग फेरी, हे मला सांगायला लागत नाही. क्रायोस्टॅट, म्हणजे अतिथंड तापमान राखणारं यंत्र, एकदा थंड करायला घेतला की तो तुमच्या झोपेचा मुलाहिजा ठेवत नाही. पण पोरगी परक्या गावात मध्यरात्री एकटी बाहेर असली की फिजिक्स काही कामाला येत नाही. पावणेचारला दारात किल्ली फिरली तेव्हा कुठे मी कूस बदलली.

सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये याच वेळेला बॉम्ब फुटला होता. 1970 साली." जसं काही काल पाणी आलं नव्हतं असं सांगावं, त्या सुरात.

झालं. विस्कॉन्सिनचं चीज आणि विद्यापीठाच्या बॅबकॉक डेअरीचं आइस्क्रीम राहिलं बाजूला. मी तिला म्हटलं, आधी ती जागा दाखव.

मॅडिसन दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलंय, एकीकडे मेंडोटा, दुसरीकडे मोनोना. कॅपिटॉलच्या घुमटापासून स्टेट स्ट्रीट निघतो तो थेट विद्यापीठाच्या लायब्ररी मॉलपर्यंत येतो. तिथून बॅस्कम हिल. गुडघ्यांनी दोनदा निषेध नोंदवला, पण चढले. वर लिंकनचा बसलेला पुतळा आहे. पदवी मिळाली की मुलं त्याच्या मांडीवर चढून फोटो काढतात.

टेकडीमागे इंग्रॅहम हॉल आहे, तेव्हाची कॉमर्स बिल्डिंग. गोष्ट खरं तर इथून सुरू करायला हवी. 18 ऑक्टोबर 1967 ला डाऊ केमिकलचे लोक नोकरीच्या मुलाखती घ्यायला आले होते. डाऊ म्हणजे नेपाम, अंगाला चिकटून जळणारं बॉम्बमधलं इंधन, बनवणारी कंपनी, आणि व्हिएतनाममध्ये नेपामने माणसांची कातडी कशी जळते याचे फोटो तोवर इथल्या मुलांनी पाहिले होते. ती मुलं इमारतीच्या आतल्या बोळात ठाण मांडून बसली. पोलीस दंडुके घेऊन आत शिरले आणि डोकी फोडली. त्या दिवशी या कॅम्पसवर पहिल्यांदा अश्रुधूर सोडला गेला. नुसती गंमत बघायला आलेली किती तरी मुलं त्या संध्याकाळी चळवळीत ओढली गेली असं म्हणतात. मला ते पटतं. वर्गातल्या पोरांना एक फटका मारला की मागचा सगळा बाक एक होतो.

पुढची तीन वर्षं हे गाव धुमसत होतं. सक्तीची सैन्यभरती चालू होती. मे 1970 मध्ये निक्सनने कंबोडियात सैन्य घुसवलं, ओहायोत केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी 13 सेकंदांत 67 गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी गेले. इथेही कित्येक दिवस आगी आणि धूर.

टेकडी उतरून चार्टर स्ट्रीटवर आलो. स्टर्लिंग हॉल. बॉम्ब फुटला तो इथेच. मी दगडांचा रंग कुठे बदललाय का ते शोधत होते, लेक सरळ फलकाकडे घेऊन गेली. छोटासा आहे. 2007 मध्ये बसवला, म्हणजे स्फोटानंतर 37 वर्षांनी. स्फोटात गेलेल्याचं नाव रॉबर्ट फास्नाख्ट, वय 33.

तेव्हा या इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर आर्मी मॅथेमॅटिक्स रिसर्च सेंटर होतं. पैसा अमेरिकन लष्कराचा, गणिती विद्यापीठाचे. विद्यार्थ्यांचा राग त्यावर होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. 24 ऑगस्ट 1970, सोमवार, पहाटे 3:42. चोरलेली फोर्ड इकोनोलाइन व्हॅन, आत जवळपास 2000 पौंड स्फोटकं. लावणारे चौघं, 18 ते 23 वयाचे. कार्लटन (कार्ल) आणि ड्वाइट आर्मस्ट्राँग हे मॅडिसनचेच भाऊ, डेव्हिड फाइन आणि लिओ बर्ट विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रातले. काही मिनिटं आधी त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांचा हिशेब असा, की ऑगस्टमधल्या पहाटे साडेतीनला इमारतीत कोण असणार?

मी फलकासमोर उभी राहिले आणि मला त्या चौघांचा संताप आला. बॉम्बचा तर आलाच, पण त्याआधी त्या हिशेबाचा. यातल्या एकाने तरी कुठल्या फिजिक्सवाल्याबरोबर एक रात्र काढली होती का? तळघरात फास्नाख्ट होता. सुपरकंडक्टिव्हिटीवर, म्हणजे अतिवाहकतेवर, काम करणारा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक), लष्कराच्या सेंटरशी त्याचा काडीचाही संबंध नाही. घरच्यांबरोबर सॅन डिएगोला जायचं होतं, त्याआधी हातातला प्रयोग संपवायचा म्हणून तो रात्री थांबला होता. द्रव नायट्रोजन ओतून देवार थंड करत होता. देवार म्हणजे आपल्या थर्मासचा थोरला भाऊ. मी आयुष्यात शेकडो वेळा विद्यार्थ्यांना त्याची आकृती फळ्यावर काढून दाखवलीय. तो सापडला तेव्हा तळघरात फूटभर पाणी साचलं होतं. घरी तीन वर्षांचा मुलगा आणि वर्षाच्या जुळ्या मुली.

आणखी तिघं जखमी झाले. आजूबाजूच्या 26 इमारतींना धक्का बसला. फिजिक्स डिपार्टमेंट उद्ध्वस्त झालं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्या आर्मी मॅथचं? फारसं काहीच नाही.

"वेदरमन म्हणतात ते हेच ना?" लेकीने विचारलं. नाही. वेदरमन म्हणजे वेदर अंडरग्राउंड, ती युद्धविरोधी जहाल संघटना निराळी. त्यांचा बॉम्ब त्याच वर्षी 6 मार्चला न्यूयॉर्कमध्ये, 18 वेस्ट इलेव्हन्थ स्ट्रीटच्या घरात, बनवताबनवताच फुटला. त्यांचेच तिघं मेले. मॅडिसनचे हे चौघं कुणाच्याच आदेशाखाली नव्हते, स्वतःला न्यू इयर्स गँग म्हणवायचे.

हे नाव कसं पडलं ते रविवारी कळलं. डेव्हिल्स लेकला गेलो होतो. लाल कातळ, खाली निळं पाणी, फार सुंदर जागा. तिच्याजवळच बॅजर ऑर्डनन्स हा दारूगोळ्याचा कारखाना होता. आज तिथे बरंचसं माळरान आहे, आणि काही जमीन हो-चंक या मूळ रहिवाशांना परत मिळालीय. 1969 च्या शेवटच्या रात्री आर्मस्ट्राँग बंधूंनी एक सेसना विमान चोरलं आणि या कारखान्यावर मेयोनेजच्या बरण्यांत भरलेली स्फोटकं टाकली. एकही फुटली नाही. त्यानंतर एकदा सैन्यभरतीचं ऑफिस समजून कार्लने माकडांच्या प्रयोगशाळेला आग लावली. हे ऐकून मी हसले, नाकारत नाही. मग फलक आठवला.

सांगलीकडच्या माणसाला 'भूमिगत' हा शब्द ऐकला की प्रतिसरकार आठवतं, पत्री सरकार. आमच्याकडे तो शब्द मानाने घेतात, ज्यांच्या घरी भूमिगत जेवून गेले त्यांची नातवंडंसुद्धा अजून सांगतात. पण तिथे कुणाच्या माजघरात कोण झोपलंय हे गावाला माहीत असायचं. इथे चार पोरांना एका इमारतीत कोण जागं आहे हे माहीत नव्हतं.

चौघं कॅनडात पळाले. कार्ल 1972 मध्ये टोरांटोत सापडला. त्याचा वकील विल्यम कन्स्लर. शिक्षेच्या सुनावणीत युद्धाबद्दलच साक्षी झाल्या, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात व्हिएतनामलाच उभं करायचा प्रयत्न. 23 वर्षांची शिक्षा लागली, सात वर्षं भोगली. सुटून तो याच गावात परत आला आणि लायब्ररी मॉलवर ज्यूसची गाडी लावली. नाव 'लूज ज्यूस'. कित्येक वर्षं चालवली. स्टर्लिंग हॉलपासून पायी दहा-पंधरा मिनिटं. विद्यार्थी रांगेत उभे राहून त्याच्याकडून ज्यूस घ्यायचे. हे गावाचं मोठं मन की विसराळूपण, मला ठरवता आलं नाही. फाइन 1976 मध्ये पकडला गेला, ड्वाइट 1977 मध्ये. ड्वाइट 2010 मध्ये वारला.

लिओ बर्ट आजपर्यंत सापडलेला नाही. तो विद्यापीठाच्या संघात वल्ही मारायचा. एका संध्याकाळी मेमोरियल युनियनच्या टेरेसवर, त्या पिवळ्या-हिरव्या-नारिंगी खुर्च्यांवर बसलो होतो. जूनमध्ये इथे नऊपर्यंत उजेड असतो. मेंडोटावरून एक लांबट नाव सरसर गेली, आठही पाठी एका तालात वाकत होत्या. लेक मक्याचं कणीस खात होती. मी मनात वयाचा हिशेब केला, लिओ जिवंत असेल तर पंच्याहत्तरी उलटली असेल.

निघायच्या आदल्या रात्री लेकीला पुन्हा रन होतं. म्हटलं, मी पण येते. "आई, तिथे नुसतं बसायचं असतं गं." म्हटलं, मला येतं नुसतं बसायला. फिजिक्स आता स्टर्लिंगला लागून असलेल्या चेंबरलिन हॉलमध्ये आहे. ती गॉगल लावून नायट्रोजन ओतत होती, पांढरी वाफ जमिनीवर पसरत होती, आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. मध्येच एक चिनी मुलगा डोकावून "हाय" म्हणून गेला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

तीन वाजून गेल्यावर बाहेर पडलो. चार्टर स्ट्रीट रिकामा. मी मागे वळून उजेड असलेल्या खिडक्या मोजल्या.

"किती?" लेकीने विचारलं.

"सात."

"सुट्टी आहे ना," ती म्हणाली, "एरवी जास्त असतात."