कोथरूडचा फ्लॅट विकून दुबईत घर का घेतलं? तुम्ही विचारलंत म्हणून

कोथरूडचा चांगला फ्लॅट विकून दुबईत घर घेतलं, आणि तेही दहा वर्षांच्या व्हिसासाठी. असं का केलंत? हा प्रश्न मला लग्नात, बारशात, फोनवर, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा विचारला गेलाय. जुलै २०२५ मध्ये ‘तेवीस लाखांत भारतीयांना आजन्म गोल्डन व्हिसा’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली (गोल्डन व्हिसा म्हणजे नोकरीच्या आधाराशिवाय दुबईत बरीच वर्षं राहायची परवानगी), तेव्हा तर कहर झाला. अमिराती सरकारने ती काही दिवसांतच खोटी असल्याचं जाहीर केलं. पण तोवर माझ्या दिरांच्या मित्राने हिशोब मांडून मला ऐकवलाही होता, “वहिनी, जे तेवीस लाखांत मिळतं त्यासाठी तुम्ही साडेचार कोटींचं घर घेऊन बसलात.” त्यांना वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवशी ठरवलं, एकदा सगळं लिहून काढायचं. नवऱ्याला विचारूनच लिहितेय.

आधी पैशाचं बोलते, कारण तुम्ही तिथूनच सुरुवात करता. हो, त्या पैशात पुण्यात दोन घरं आली असती. हो, खरेदीच्या वेळी दुबईच्या भूमी विभागाला चार टक्के, एजंटला दोन टक्के आणि त्यावर व्हॅट द्यावा लागला. हो, इमारतीचा सर्व्हिस चार्ज दरवर्षी जातो. हे सगळं मला तुमच्याइतकंच कळतं. मी आयुष्यभर हिशोब लिहिण्याचीच नोकरी केली आहे.

आणि एके काळी तुमच्या बाजूने मीच भांडत होते. २००२ मध्ये दुबईने परदेशी लोकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घरं घ्यायला परवानगी दिली, तेव्हा आमच्या ओळखीतले बरेच जण रांगा लावून नकाशावरचे फ्लॅट घेत होते. आम्ही करामात, दुबईतल्या एका जुन्या वस्तीत, भाड्याने राहायचो. करामात, बर दुबईत आमच्यासारख्याला घर विकत मिळतच नव्हतं. घ्यायचं तर मरिना, डिस्कव्हरी गार्डन्स, इंटरनॅशनल सिटी अशा नव्या वस्त्यांत जावं लागायचं. नवऱ्याला घ्यायचं होतं, मी अडवलं. पाच वर्षांत परत जायचंय, मग इथे पैसा कशाला अडकवायचा? मग २००८ची मंदी आली. घरांच्या किमती निम्म्यावर आल्या, लोकांचे अर्धवट टॉवर तसेच उभे राहिले. तेव्हा मला फार शहाणं वाटलं होतं. त्या वेळची मी आजही मला चूक वाटत नाही. तिच्यासमोर जी माहिती होती, तिच्यावरून ती बरोबरच बोलत होती. फक्त तिला एक गोष्ट अजून कळायची होती, आणि ती कळायला २०१६ उजाडावं लागलं.

आता जे सांगणार आहे ते पुण्यात कुणालाही माहीत नाही, कारण आम्ही तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

तेलाचे भाव पडले होते. नवरा तेलक्षेत्रातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत वीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस. एका गुरुवारी त्याला बोलावून पत्र दिलं. नोकरी जाणं वेगळं आणि आखातात नोकरी जाणं वेगळं. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की व्हिसा रद्द, आणि रद्द झाल्यापासून तेव्हा तीस दिवस मिळायचे. तेवढ्यात दुसरा व्हिसा लागला नाही तर देश सोडायचा. त्याच्या व्हिसावर मी, मुलगी आणि मुलगा.

मी स्वतः नोकरी करत होते, हे लक्षात घ्या. पण माझी राहण्याची परवानगी नवऱ्याच्या नावावर होती. कंपनीने फक्त लेबर कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, काढलं होतं. इथे कितीतरी बायका अशाच काम करतात, कंपनीचा खर्च वाचतो. मी आमच्या मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, माझा व्हिसा कंपनीवर घ्या. नवीन व्हिसे सध्या बंद आहेत, असं उत्तर मिळालं. आणि घेतला असता तरी मुलांचं काय? शिक्षिका, डॉक्टर, इंजिनिअर अशा ठरावीक पेशांतल्या बायका सोडल्या तर त्या काळी आईच्या नावावर मुलांचा व्हिसा काढणं फार कठीण होतं. ते नियम २०१९ मध्ये सैल झाले. म्हणजे मी रोज सकाळी कामाला जात होते, पगार घेत होते, माझ्या नावावर कर्ज नव्हतं, गुन्हा नव्हता, आणि तरीही मला इथे उभं राहायचा हक्क माझ्या नावाने नव्हता.

मग बँक. हिशोबाची शेवटची रक्कम कंपनीने खात्यात भरली आणि गाडीचं कर्ज शिल्लक होतं म्हणून बँकेने सगळं खातंच गोठवलं. नोकरी गेलेला माणूस कर्ज बुडवून विमानात बसेल, या भीतीने बँका असं करत. ग्रॅच्युइटी त्याच खात्यात, आणि घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेकही त्याच खात्याचे. चेक न वटणं हा तेव्हा इथे फौजदारी गुन्हा होता. पोलिसात तक्रार गेली असती तर देश सोडायला लागतोय म्हणून रडणारे आम्ही, देश सोडायलाही मोकळे राहिलो नसतो. घरमालकाच्या ऑफिसात जाऊन मी हात जोडले, हा चेक बँकेत टाकू नका, पैसे रोख आणून देते. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका मैत्रिणीने कुठलाही प्रश्न न विचारता अर्धी रक्कम दिली. तिचे पैसे फिटले, पण ती गोष्ट फिटणारी नाही.

कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रांचं बघणारा माणूस, व्हिसा रद्द करायचा कागद घेऊन आला. कुटुंबाचे व्हिसे आधी रद्द करावे लागतात, मग मुख्य माणसाचा. डिपॉझिट भरून कुटुंबाचे व्हिसे काही काळ ‘होल्ड’वर ठेवता येतात, हे आम्हाला त्याच पीआरओने हळूच सांगितलं. तो मलबारी माणूस आमच्यासाठी देवासारखा आला. सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये बसून नवऱ्याने अर्ज भरले. मी शेजारी उभी होते. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मुलगी दहावीत होती, सीबीएसई. नववीत नोंदणी झालेली, केंद्र इथलंच. दहावीच्या मध्यावर पोरीला उचलून पुण्याच्या कुठल्या शाळेत घालणार? घरात तिच्यासमोर आम्ही काही बोलत नव्हतो, पण मुलांना भिंतीतून कळतं. एका रात्री ती पाणी प्यायला उठली आणि मला म्हणाली, “आई, माझं हॉलतिकीट इथलंच येईल ना?” मी हो म्हणाले. त्या क्षणी माझ्याकडे त्या ‘हो’ला काहीही आधार नव्हता.

शेवटच्या आठवड्यात दुबईच्या देरा भागातल्या एका पाइपच्या व्यापाऱ्याकडे नवऱ्याला काम मिळालं. पगार निम्म्याहून कमी, हुद्दा सेल्स कोऑर्डिनेटर. प्रकल्प सांभाळलेला माणूस कोटेशन टाइप करू लागला. त्याने ते केवळ व्हिसासाठी घेतलं आणि पुढची काही वर्षं, बाजार सुधारल्यावरसुद्धा, सोडायला तो घाबरत राहिला. पुण्याला फोन केला की सांगायचा, कंपनी बदलली, बरं चाललंय. तुमच्यापैकी कुणीतरी तेव्हा त्याला म्हणालं होतं, “मजा आहे बुवा तुमची, टॅक्स नाही काही नाही.” तो हसला होता. मला ते हसू अजून विसरता आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही ते घर घेतलं त्यामागे परताव्याचा तक्ता नव्हता, ते हसू होतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये नियम बदलले. आधी घराच्या जोरावर गोल्डन व्हिसा हवा तर पन्नास लाख दिरहम लागत आणि मिळायची पाच वर्षं. आता वीस लाख दिरहमांचं घर आणि दहा वर्षं, शिवाय कर्ज काढून घेतलेलं घरही चालेल असं झालं. फक्त स्वतःचे किमान दहा लाख दिरहम भरलेले हवेत, अशी दुबईत अट होती. (ती जानेवारी २०२४ मध्ये काढून टाकली. आम्ही त्याआधीचे.) ते दहा लाख म्हणजे कोथरूडचा फ्लॅट. एवढंच त्या विक्रीमागचं गुपित. विकताना विक्रेता अनिवासी असला की खरेदीदाराला किती जास्त टीडीएस कापावा लागतो, ते त्या बिचाऱ्या जोडप्याला समजावण्यात महिना गेला. नंतर लग्नाचा दाखला मंत्रालय, परराष्ट्र खातं, वाणिज्य दूतावास असा फिरवून आणला, कारण घर दोघांच्या नावावर होतं आणि आमचे वाटे एकत्र धरायला तो लागतो.

अर्ज मात्र माझ्या नावाने केला. आज नवरा आणि मुलगा माझ्या व्हिसावर आहेत. “अगं, नवरा बायकोच्या व्हिसावर?” हेही विचारून झालंय. हो. त्याला पहिले काही महिने ते जड गेलं, हेही खरं. पण व्हिसा लागल्यावर त्याने ती देरातली नोकरी सोडली आणि पुन्हा आपल्या क्षेत्रात गेला. मुलाखतीत पगाराबद्दल त्याने पहिल्यांदा घासाघीस केली.

आणि ज्यांना वाटतं की आम्ही हे पुण्याशी नातं तोडायला केलं, त्यांना एक विचारते. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांच्याजवळ किती राहिले, आठवतं ना? साधा व्हिसा असता तर सलग सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर तो रद्द झाला असता. गोल्डन व्हिसाला ती मर्यादा नाही. मी त्यांच्या उशाशी निवांत बसू शकले ते या कागदामुळे. हे कुणाला सांगितलं नाही, कारण त्या वेळी ते सांगणं बरं दिसलं नसतं.

आता जे मला कबूल करावंच लागेल ते. हे नागरिकत्व नाही आणि या वाटेने ते मिळतही नाही. घर विकलं की व्हिसाचा पाया गेला. मुदत संपताना घर हातात असायला हवं. नोकरीच्या मालकाच्या हातातून सुटलो, पण बँकेच्या हप्त्यात आहोत. नियम एका रात्रीत आला तसा बदलूही शकतो. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये घरखरेदीवरचा व्हिसा बंद केला, पोर्तुगालने २०२३ मध्ये घरांचा मार्ग काढून टाकला, ग्रीसने अथेन्ससारख्या भागात अडीच लाख युरोंची मर्यादा टप्प्याटप्प्याने आठ लाखांवर नेली. तिथल्या लोकांना भाड्याची घरं परवडेनाशी झाली होती, हे त्यामागचं एक मोठं कारण. दुबईतही भाडी वाढली की करामातल्या जुन्या शेजारणी मला ऐकवतात, तुमच्यासारख्यांनी घरं घेतली म्हणून. मी गप्प बसते. माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नाही.

पुण्यात, नाशकात बसून “आम्हीही घेऊ का?” विचारणाऱ्यांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तुमच्या डोक्यावर तीस दिवसांची टांगती तलवार नाही, मग तुम्ही नेमकं काय विकत घेताय ते आधी ठरवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. वीस लाख दिरहम म्हणजे सुमारे पाच लाख पंचेचाळीस हजार डॉलर. नवरा-बायकोची एका वर्षाची मर्यादा मिळूनही ते बसत नाही. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर वीस टक्के टीसीएस आधी कापला जातो, नंतर करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. तुम्ही भारतात निवासी राहिलात तर दुबईतलं भाडं भारतातल्या करात येतं आणि ते घर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावंच लागतं. नाही दाखवलं तर काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. ‘क्रेडिट कार्डावर बुकिंग करा’ म्हणणाऱ्या एजंटाचं मुळीच ऐकू नका.

सध्या आमच्या घरात वाद चालू आहे. भाव चांगले वाढलेत, तर आत्ता विकून कर्ज फेडावं, मुलाच्या शिक्षणाचं बघावं आणि उरलेल्यात सांगलीला जमिनीवर छोटं घर बांधावं, असं नवऱ्याचं म्हणणं. त्याला नोकरी गेल्याची भीती आता राहिलेली नाही. माझ्या मनातून ती गेलेली नाही. मी सही करणार नाही म्हणते. तो म्हणतो, मग आपण हे घर राहायला घेतलं की घाबरायला? २०३३ मध्ये व्हिसाची मुदत संपेल, तोवर तरी थांब, असं मी म्हणते, आणि त्याला ते पटत नाही.