घट्ट हँडल

पंचवटीत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक आजोबा नऊ-दहा वर्षांच्या नातीला घेऊन आले. पोरीची दोन्ही कोपरं सोललेली. सायकल जुनी, कुणाकडून तरी घेतलेली.

"साइडची चाकं परत लावून द्या. पंधरा दिवस तपोवनात साधुग्रामच्या मैदानावर पळतोय हिच्यामागे. हिला बॅलन्सच जमत नाही."

पोर खाली मान घालून उभी. मी विचारलं, "कशी पडतेस गं, बाळा?"

"एकीकडे कलली की तशीच जाते. परत येतच नाही."

ते ऐकून मी पाना खाली ठेवला. पुढचं चाक उचलून सायकल जराशी तिरकी केली. धड सायकलचं हँडल लगेच त्या अंगाला ढळतं. हिचं जागचं हललं नाही. हाताने वळवलं तर करकरत वळलं आणि तिथंच अडकून बसलं. खोललं तेव्हा ग्रीस वाळून काळा डिंक झालेलं, छर्रे गंजून, ते ज्यात फिरतात त्या लोखंडी कपाला चिकटलेले आणि वरून नट गच्च आवळलेला.

मी कप घासत होतो. ती शेजारी उकिडवी बसली. "काका, उभी सायकल पडते, मग चालती का नाही पडत?"

पंचवीस वर्षं मी पोरांना एकच उत्तर देत आलो : चाक भोवऱ्यासारखं फिरतं म्हणून. तेच ओठावर आलं होतं. पण हिची चाकं फिरत होतीच की! तरी कोपरं सोलली.

मग खराट्याचा दांडा तिच्या तळहातावर उभा करून दिला. दोन-तीनदा पडला, मग जमलं.

"दांडा डावीकडे कलला की काय करतेस?"

"हात डावीकडे नेते."

"सायकल तेच करते. डावीकडे कलली की हँडल डावीकडे वळतं, चाकं सरकून कललेल्या अंगाखाली येतात. उभ्या सायकलचं हँडल वळवलं तरी चाकं सरकणार कुठं?"

हँडल आपसूक का वळतं, तेही दाखवलं. पुढचं चाक धरणारा चिमटा तिरका असतो. हँडलच्या दांड्याची रेघ खाली ओढली तर ती जिथं जमिनीला लागते, त्याच्या जरा मागे चाक टेकतं. फिरत्या चाकाचा जोरही वळायला मदत करतो, पण सगळा भार त्याच्यावर नाही. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं दुसरं चाक बसवून तो जोर मोडून काढला होता. त्याने 1970 मध्ये ते लिहिलं. सायकल तरीही चालवता आली.

नवे छर्रे, नवं ग्रीस. मग गल्लीत रिकामी सायकल ढकलून सोडली. हँडल स्वतःच इकडे-तिकडे करत समोरच्या ओट्यापर्यंत गेली. जुन्या ट्यूबने हँडल करकचून बांधलं आणि पुन्हा सोडली, तर चार पावलांत आडवी. आजोबा काहीच बोलले नाहीत. साइडची चाकं त्यांनी पिशवीत परत ठेवली.

ट्यूब सोडून पोरीला बसवलं. दोनदा पाय टेकले, तिसऱ्यांदा गेली, दुकानासमोर सांडलेल्या पाण्यातून थेट कोपऱ्यापर्यंत. परत येऊन तिने सायकल भिंतीला लावली आणि फरशीवरचा ओला माग बघायला वाकली. चाकाची रेघ बारीक-बारीक वळत गेली होती.

"पण मी तर सरळ चालवत होते," ती म्हणाली आणि एकेका वळणावर बोट ठेवत पुढे सरकू लागली.