लेकीच्या फुप्फुसाच्या नसांचं ऑपरेशन

तान्ह्या बाळाला दूध पिताना घाम फुटत असेल, चार घोट घेऊन ते दमून डोळे मिटत असेल, तर 'उकडत असेल' म्हणून सोडू नका. आमच्या मुलीचं तसंच व्हायचं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, धो धो पाऊस, दोन दुपटी गुंडाळूनही बाळ गार पडेल अशी हवा, आणि हिचं टाळू-कपाळ ओलंचिंब. झोपेतसुद्धा पोट भात्यासारखं हलायचं.

सुरुवातीला न्यूमोनिया म्हणून औषधं झाली, पण उतार पडेना. घरी आलेल्या आशाताईंनी तिची नखं उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "ताई, थांबू नका, आजच घेऊन जावा." खानापुरात पायाच्या अंगठ्याला मशीन लावलं तर ऑक्सिजन ऐंशीच्या घरात. नळी लावूनही फारसा चढेना. तसंच बेळगाव गाठलं.

एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. फुप्फुसातून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार नसा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात उघडायला हव्यात. हिच्या चारही नसा हृदयामागे एकत्र येऊन एका जादा नसेतून वर चढत होत्या आणि फिरून उजव्या कप्प्यात उतरत होत्या. तिथं शुद्ध-अशुद्ध सगळं रक्त मिसळायचं. त्यातलं अंगाला मिळायचं ते फक्त दोन कप्प्यांमधल्या भोकातून. फोनवर पाहुणे धीर द्यायचे, "भोक काय, आपोआप बुजतं." हिचं बुजलं असतं तर ती राहिली नसती, हे त्यांना सांगताना माझा आवाज फुटायचा नाही.

या आजाराला टीएपीव्हीसी (टोटल अनॉमलस पल्मनरी व्हीनस कनेक्शन) म्हणतात. गोळ्या-औषधांनी तो बरा होत नाही, ऑपरेशनच लागतं. नसेच्या वाटेत अडथळा असला तर लगेच करावं लागतं. आमच्या नशिबानं अडथळा नव्हता, म्हणून कागद जमवायला सवड मिळाली.

कागदांचं नीट सांगते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्ड असेल तर पॅकेजच्या, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या, 30 टक्के सरकार भरतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीची केस नसेल तर मोठ्या उपचाराला सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. जन्मजात हृदयदोषासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे, त्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा. मुलीचं नाव अजून रेशन कार्डावर चढलं नव्हतं. जन्मदाखला आणि आमची आधार कार्डं घेऊन तिचे बाबा या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहिले.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. नंदगडकडच्या एक सिस्टर शेजारी बसल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेल्या. हृदय थांबवून मशीनवर रक्त फिरवणार, नसांचा तो एकत्र झालेला भाग डाव्या कप्प्याला जोडणार, भोक बंद करणार. जिवाचा धोका आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. सगळं समजून सही करता आली, याचं मला फार मोल वाटतं.

ऑपरेशननंतरचे दिवस जास्त अवघड गेले. फुप्फुसातला दाब अचानक चढू नये म्हणून तिला झोपेच्या औषधावरच ठेवलं होतं. श्वासाच्या नळीतला कफ काढायचा तरी आधी औषध वाढवायचे. मी दूध काढून द्यायची, ते नाकातल्या नळीतून थेंब थेंब जायचं. पुढं अंगावर घेतलं तेव्हा ती न थांबता प्यायली, आणि कपाळ कोरडं होतं. मी हात फिरवून फिरवून बघत होते.

मूल बाळसं धरलं की घरचे म्हणतात, आता कशाला बेळगावच्या खेपा? पण जोडलेल्या जागी किंवा नसांच्या तोंडाशी पुन्हा अरुंदपणा येऊ शकतो. बहुतेकदा तो पहिल्या काही महिन्यांतच दिसतो, आणि मूल हसतं-खेळतं असतानाही आत सुरू झालेला असू शकतो. एकोची तारीख चुकवू नका. श्वास पुन्हा जोरात चालला, वजन अडलं तर तारखेचीही वाट बघू नका. डिस्चार्जचा कागद आणि आधीचे सगळे एको एकाच फाइलमध्ये ठेवा. आमची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळच्या खुंटीला असते, रात्री निघावं लागलं तरी हाताला येते.