वाए रेबोची वाट

रुतेंग, रात्री

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर विमानाने येणारे बहुतेक लोक लाबुआन बाजोला उतरतात आणि दुसऱ्या दिवशी बोटीत बसून कोमोडोच्या महाकाय घोरपडी बघायला जातात. आम्ही समुद्राकडे पाठ केली. माझ्या जकार्तातल्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचं माहेर रुतेंगचं. बेटाच्या पश्चिमेकडचा हा डोंगराळ मुलूख मंगाराई लोकांचा, आणि ती त्यांच्यातलीच. "आमचं बेट बघायचं असेल तर वर ये," असं ती कधीपासून म्हणत होती. या जुलैत जमलं.

लाबुआन बाजोहून रुतेंगला यायला चार तास लागले. ट्रान्स-फ्लोरेस म्हणतात तो हाच रस्ता. पूर्वेला लारांतुकापर्यंत तो जवळजवळ सातशे किलोमीटर जातो आणि सरळ असा फारसा कुठे जातच नाही. बेट ज्वालामुखींनी घडवलेलं. एक धार ओलांडली की खोल घळ, घळीतून वर आलं की पुढची धार. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात. कडेच्या डोंगरांवर लाल मातीचे ओरखडे अजून उघडेच होते. गाडी चालवणारे ओम (इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला ओमच म्हणतात) प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न देत होते. मागच्या सीटवरच्या एका आजींनी न विचारताच माझ्या हातात आल्याचा तुकडा ठेवला. तो चघळत बसले, त्यामुळे पोट ठिकाणावर राहिलं.

रुतेंगच्या अलीकडे चांचारला थांबलो, आणि आजचा दिवस खरं तर त्या अर्ध्या-पाऊण तासाचाच आहे. घरांच्या मागून एक पायवाट टेकडीवर जाते. वर पोचून खाली पाहिलं तर भातखाचरांची प्रचंड कोळ्याची जाळी पसरलेली. एक नाही, बऱ्याच. चित्रात पाहिलं होतं, तरी प्रत्यक्ष पाहताना मी काही वेळ गप्पच झाले.

ही लिंगको, म्हणजे कुळाची सामायिक जमीन. तिच्या मध्यबिंदूला लोदोक म्हणतात. जमीन वाटायची असली की तिथे विधीपूर्वक खुंट रोवतात, आणि तुआ तेनो, म्हणजे जमिनीचं वाटप ज्याच्याकडे असतं तो कुळातला जाणता माणूस, त्या मध्याशी बोटांनी मोजून प्रत्येकाचा वाटा ठरवतो. मान मोठा तसा बोटांचा हिशेब मोठा. मग तिथून रेषा बाहेर ओढत नेतात. शेत मध्याशी टोकदार आणि बाहेर जाईल तसं रुंद होतं. म्हणजे सगळ्यांची शेतं एकाच ठिकाणापासून सुरू होतात. आमच्याकडे बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ आयुष्यभर बोलत नाहीत, कोर्टाच्या तारखा पुढच्या पिढीकडे जातात. मी तसं मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "भांडणं आमच्याकडेही होतात गं. पण भांडायलासुद्धा सगळ्यांना त्या खुंटापाशीच यावं लागतं."

रुतेंग अकराशे-बाराशे मीटरवर आहे. आत्ता हे लिहिताना पायात लोकरी मोजे आहेत, आणि मैत्रिणीच्या आईने आणखी एक रजई आणून दिली आहे.

देंगे, संध्याकाळी

आज ओतो कोलने आलो. हा मालट्रकच, पण हौद्यात आडव्या लाकडी फळ्या टाकून बसायची सोय केलेली, वर छप्पर, बाजू मोकळ्या. सकाळी रुतेंगहून निघतो आणि बाजार करून परतणाऱ्यांना दक्षिणेच्या गावांत सोडत जातो. फळ्यांखाली तांदळाची पोती, सिमेंट, रॉकेलचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या. माझ्या पायाशी एक डुकराचं पिल्लू पोत्यात होतं, फक्त नाकाडं बाहेर. गाणी इतकी मोठ्याने की फळीतून ठोका मांडीला जाणवावा.

तोदोपर्यंत रस्ता बरा होता. तोदो हे जुन्या मंगाराई राजांचं गाव. तिथून पुढे दक्षिण किनाऱ्याकडे उतार लागतो आणि डांबर तुकड्यातुकड्यांनी उरतं. ट्रक एका बाजूला कलला की सगळे न बोलता दुसऱ्या बाजूला झुकतात. मला ते उमगायला वेळ लागला. शेजारच्या बाईने माझं मनगट धरून ठेवलं आणि ती जशी झुकेल तशी मी झुकले. तिच्या मांडीवरचं मूल सगळा वेळ झोपलेलं. एका ओढ्यावर पुरुष उतरले, दगड टाकले, ट्रक पार झाला, पुन्हा चढले. कुणी कुरकुर केली नाही, कुणाला त्यात विशेष काही वाटलंही नाही. त्यांचा तो बाजारचा रस्ता.

दिंतोरला समुद्र दिसला, समोर मुलेस बेट. तिथून पुन्हा चढ, आणि संध्याकाळी देंगे. उद्या इथून पायी वाए रेबोला, वर डोंगरातल्या मंगाराई गावाला.

वाए रेबो, रात्री

देंगेच्या पुढे वाए लोम्बा नावाच्या ओढ्यापर्यंत आता मोटरसायकल जाते. आधी हे अंतरसुद्धा चालूनच काटावं लागे. ओढ्यापलीकडे जंगल आणि चढ. वाटाड्या म्हणून वाए रेबोचाच एक तरुण होता. त्याच्या खांद्यावर तांदळाचं पोतं, पायात साध्या रबरी सपाता, आणि आमच्यासाठी तो मुद्दाम हळू चालत होता. वाए रेबोत कॉफी चांगली होते, पण भात होत नाही. भात खाली कोम्बोला पिकतो. तेही त्यांचंच गाव. मुलं शाळेसाठी तिथे राहतात. म्हणून कॉफीची पोती खांद्यावरून खाली जातात आणि तांदूळ खांद्यावरून वर येतो. वाटेत खाली उतरणारे भेटले, बहुतेकांच्या डोक्याखांद्यावर ओझं. वाट देण्यासाठी आम्ही कडेला झालो की ते थांबून हात मिळवायचे, विचारपूस करायचे आणि मगच पुढे जायचे.

दोन-अडीच तासांनी झाडी विरळ झाली. गाव दिसायच्या आधी एक झोपडीवजा थांबा आहे. तिथे टांगलेला बांबू वाटाड्याने वाजवला. पाहुणे येताहेत हे गावाला असं कळवायचं. मग वळण घेतलं आणि डोंगरांच्या मधल्या हिरव्या वाटीत सात घरं दिसली. जमिनीपर्यंत आलेलं गवताचं छप्पर, वर निमुळतं होत गेलेलं, जवळजवळ पंधरा मीटर उंच. मावळात लावणीच्या पावसात इरलं पांघरून ओणवी झालेली माणसं दिसतात, तशी ती घरं डोंगराच्या कुशीत दिसली.

लगेच फोटो काढायचे नाहीत. आधी मोठ्या घरात, जिथे गावाचे ढोल आणि घंटा टांगलेल्या असतात तिथे, चटईवर बसायचं. गावच्या वडीलधाऱ्यांनी पूर्वजांना सांगितलं की ही माणसं आली आहेत, ती परत आपापल्या घरी पोचेपर्यंत त्यांना सांभाळा. या विधीला वाए लूऊ म्हणतात. बोलणं मंगाराईत होतं. मैत्रीण माझ्या कानात हळूच सांगत होती, सांगतासांगता तिचाच आवाज दाटून आला. ती ख्रिश्चन, रुतेंगच्या कॅथेड्रलमध्ये वाढलेली. हे गावसुद्धा कॅथलिक. चर्च आणि पूर्वज दोघांनाही इथे जागा आहे आणि त्यावरून कुणी खुलासा मागत नाही.

वाए रेबोचा मूळपुरुष एम्पो मारो. तो सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ मुलुखातून समुद्र ओलांडून आला, बरीच ठिकाणं सोडत शेवटी इथे स्थिरावला, असं इथले लोक सांगतात. उदमांजर खायचं नाही, हा नेमही पूर्वजांपासूनचा.

रात्री आम्ही पाहुण्यांच्या घरात, गोल भिंतीकडे डोकी आणि मध्याकडे पाय करून झोपायच्या तयारीत होतो. मी मात्र वर बघत बसले. या घराला म्बारू निआंग म्हणतात आणि त्याला पाच मजले असतात. खाली माणसं राहतात. त्यावर रोजचं धान्य आणि सामान, त्यावर पुढच्या पेरणीचं बियाणं, त्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेलं अन्न, आणि अगदी शेंड्याला पूर्वजांचा नैवेद्य. स्वतःच्या जेवणाच्या वर बियाणं, आणि त्याच्याही वर वाईट वर्षाची तजवीज. घर बांधतानाच हे ठरलेलं. एका खांबाशी बॅटरी धरून पाहिलं तर कुठेही खिळा नाही. वेताचे वेढे एकावर एक, शेवटचं टोक आत खोवलेलं, धुराने काळं आणि गुळगुळीत झालेलं. चुलीचा धूर छपरातून झिरपत बाहेर जातो, त्याने गवताला आणि लाकडाला कीड लागत नाही. वर वासे मध्याकडून बाहेर पसरत गेलेले. चांचारची जाळी मी टेकडीवरून पाहिली होती, ती इथे आतून, डोक्यावर होती.

वाए रेबो, दुसऱ्या दिवशी

हे सगळं आपसूक टिकलेलं नाही, हे लिहून ठेवलंच पाहिजे. २००८ साली योरी आंतार हे वास्तुरचनाकार जकार्ताहून काही तरुणांना घेऊन इथे आले, तेव्हा सातपैकी चारच घरं उरली होती, आणि त्यातली काही मोडकळीला आलेली. गावाने आणि त्यांनी मिळून एकेक घर पुन्हा उभं केलं. रचना जाणणारे म्हातारे सांगत होते, तरुण हात चालवत होते. सातही घरं उभी राहिली. २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, त्यातला सर्वोच्च. पुरस्कारापेक्षा मला ते म्हातारे महत्त्वाचे वाटतात. वेळेवर कुणी विचारलं नसतं तर ते वेढे कसे घालायचे हे त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

आता पाहुण्यांचा पैसा गावाच्या संस्थेकडे जमा होतो, स्वयंपाक बायका पाळीपाळीने करतात. सकाळी अंगणात सगळीकडे कॉफी वाळत घातलेली. एक काकू उखळात मुसळ घालत होत्या, दोन ठोक्यांच्या मध्ये हाताने बिया सारत. मी मुसळ मागितलं. त्यांनी दिलं, माझे चार ठोके पाहिले, आणि माझी पकड खाली सरकवून दिली. मग जमलं.

दुपारी आणखी पाहुणे आले. त्यातला एक जण मनापासून म्हणाला, "इथे रस्ता कधीच येऊ नये." मीही काल चढताना हेच मनात म्हणत होते, म्हणून त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण तेवढ्यात वाटाड्याशी बोलणं निघालं. कुणी आजारी पडलं तर काय करता? बांबूला कापड बांधून त्यात घालायचं, चौघांनी उचलायचं, चौघे बदलीला बरोबर. रात्र असली तरी. पाऊस असला तरी. वाए लोम्बापर्यंत. त्याने हे वाटेचं वर्णन करावं तसं सांगितलं, कुठे पाय घसरतो, कुठे खांदा बदलतात.

माझं आजोळ राजगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यातलं. आईची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात अडली तेव्हा तिला झोळीत घालून पावसात खाली नेलं होतं. ती पोचली नाही. आई याहून जास्त कधी सांगत नाही. त्या खोऱ्यात पुढे डांबरी सडक आली, आणि शहरातून येणारे लोक म्हणतात की पूर्वीची मजा गेली. ते ऐकताना मला राग येतो. मग इथे येऊन तीच इच्छा मी कुठल्या तोंडाने करू?

गाव जपलं गेलं ते रस्ता नव्हता म्हणून नाही. रस्ता नसतानाच सातातली तीन घरं पडली होती. जपलं ते इथल्या लोकांनी पुन्हा वेत सोलायला घेतला म्हणून. रस्ता किती वर आणायचा, कुठे थांबवायचा, मोटरसायकलपुरता ठेवायचा की नाही, हे ठरवायचा हक्क ज्यांच्या खांद्यावर ती झोळी असते त्यांचा. मैत्रिणीला मी हे म्हटलं, तर ती म्हणाली की तिच्या घरात यावर दोन मतं आहेत. वडिलांना रस्ता हवा, आजीला नको होता, आणि आजी शेवटपर्यंत डोंगरावरच राहिली.

देंगे, परतीच्या दिवशी

उतरताना गुडघे बोलत होते. वाटाड्याच्या खांद्यावर आज कॉफी. निम्म्या वाटेवर कोम्बोहून सुट्टीला घरी चाललेली मुलं भेटली, पाठीवर दप्तर आणि हातात चपला. सगळ्यांत लहान मुलगी सहा-सात वर्षांची असेल. तिने आम्हाला थांबवून सगळ्यांशी रीतीप्रमाणे हात मिळवला, मग धावत पुढच्यांना गाठलं.

उद्या पहाटे ओतो कोल निघेल. नोव्हेंबरात पेंती असतो, मंगाराईंचं नवं वर्ष. सुगीचे आभार मानतात, पूर्वजांना बोलावतात, आणि चाबूक-ढालींचा चाचीचा खेळ रंगतो. मैत्रिणीच्या आईने फोनवर आत्ताच बजावलं आहे की पेंतीला आमच्याकडेच उतरायचं. तोवर पाऊस सुरू झालेला असतो, तोदोच्या पुढे ट्रक अडकतात, तेव्हा हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवून या. रजेचा अर्ज जकार्ताला पोचताच टाकणार आहे.