आईची फाइल

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन मंगळवारी झालं. दुर्बिणीतून करणार, चार बारीक भोकं पडतील, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी, असं सांगितलं होतं. शुक्रवारी घरी आणलं आणि शनिवारी रात्री १०८ बोलावून साखळीहून थेट बांबोळी गाठावी लागली. आमोण्याच्या पुलावर पोचेपर्यंत तिचा ताप एवढा चढला होता, की माझा हात धरून तिने मलाच विचारलं, "तू कोणाची गो?"

गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, कळलं की पित्तनलिकेला इजा झाली होती आणि पित्त पोटात झिरपत होतं. नळी घातली, सतरा दिवस ठेवून घेतलं. आई वाचली.

घरी आल्यावर दादा म्हणाला, केस घालूया. आई म्हणाली, "नको रे, डॉक्टरच्या हातून मुद्दाम थोडंच होतं?" मला दोघांचंही पटत होतं. पण बुधवार ते शुक्रवार, ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात नेमकं काय झालं, हे कळल्याशिवाय मला झोप येईना.

म्हणून आधी फाइल मागितली. काउंटरवर उत्तर मिळालं, "फाइल हॉस्पिटलची असते, देत नाही." हे खरं नाही. डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या नियमावलीतच आहे, की रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची. आईच्या सहीचा साधा अर्ज केला, त्यात हा नियम लिहिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. तिसऱ्या दिवशी एकसष्ट पानांची झेरॉक्स हातात आली. कोणाला काही सांगायची वेळ आली तर मी हे पहिलं सांगते: तोंडी मागू नका, लिहून मागा, पोच घ्या.

नर्सच्या नोंदींत गुरुवारी सकाळी सहाची एक ओळ होती. निळ्या शाईत, घाईघाईचं इंग्रजी: पोटात दुखतंय, डोळे पिवळसर, डॉक्टरांना कळवलं. त्यापुढे शुक्रवारच्या डिस्चार्जपर्यंत रक्ताची एकही तपासणी नाही, सोनोग्राफी नाही. मी ती ओळ बोटाने किती वेळा वाचली असेन! ज्या नर्सने ती लिहिली तिचे मी मनापासून आभार मानते.

कन्सेंट फॉर्मही फाइलीत होता. सगळा इंग्रजीत. 'संभाव्य धोके' यापुढची रेघ कोरी आणि खाली आईची देवनागरीतली सही, शाळेत गिरवल्यासारखी. आईला इंग्रजी येत नाही. सही घेतली म्हणजे संमती झाली असं नाही. काय करणार, त्यात धोका काय, दुसरा उपाय आहे का, हे रुग्णाला समजावून द्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय.

डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात का, यावर आमच्या स्टाफरूममध्येही वाद झाला. येतात. १३ नोव्हेंबर १९९५ ला व्ही. पी. शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते ठरवलं. सगळ्यांनाच फुकट उपचार मिळत असतील तर ती सेवा कायद्याबाहेर. पण काहींकडून पैसे घेऊन काहींना फुकट बघत असतील, तर फुकटवालेही ग्राहकच. मेडिक्लेमने बिल भरलं तरी तो मोबदलाच. पुढे २०१९ च्या नव्या कायद्याच्या विधेयकात 'आरोग्यसेवा' हा शब्द होता, तो शेवटी गळला. मग आम्ही सुटलो, असं म्हणत डॉक्टरांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. आपला गोवाही त्याच न्यायालयाखाली येतो. २०२१ मध्ये ती फेटाळली गेली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

पण याच कायद्यात डॉक्टरांनाही संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. उपचाराला यश आलं नाही म्हणून हलगर्जीपणा ठरत नाही. त्या विषयाच्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, एवढंच बघतात. पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनमधला माहीत असलेला धोका आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही ते होतं. म्हणून आमच्या तक्रारीत 'नलिका कापली' हा मुद्दाच नाही. डोळे पिवळे दिसल्यावर चोवीस तासांहून जास्त काळ काहीच केलं नाही आणि तशीच घरी पाठवली, एवढंच म्हणणं आहे. आणि ती कोरी रेघ.

तक्रार आम्ही पर्वरीला दाखल केली. लोक अजून 'ग्राहक मंच'च म्हणतात, आता तो आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते आणि वकील लागतोच असं नाही. हॉस्पिटलला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आम्ही ब्याण्णव हजार भरले होते. तज्ज्ञाचं मत मात्र आम्हाला मिळवावं लागलं. प्रत्येक प्रकरणात ते लागत नाही, पण इथे लागणारच होतं. दोन सर्जननी फाइल वाचून मान हलवली, पण लिहून द्यायला तयार झाले नाहीत. तिसऱ्यांनी दिलं, दीड पान, एकही शब्द चढवून न लिहिता. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

पहिल्या तारखेला आई हट्टाने आली. फाइलीची पिशवी तिने बसमध्ये मांडीवरून खाली ठेवली नाही. समोर हॉस्पिटलचा वकील होता, डॉक्टर आले नव्हते. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "ते आले असते तर मी विचारलं असतं, गुरुवारी सकाळी तुम्हाला कळवलं होतं ना, मग तुम्ही का नाही आलात?"

पुढची तारीख चतुर्थीनंतरची आहे.