साडेबाराशेचे साडेबारा

"एआय एवढं हुशार आहे ना, मग त्याला वाचायला डॉक्युमेंटेशन कशाला लागतं? आणि ते लिहायचा तुला पगार मिळतो?"

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी भेटल्या की, हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. आजवर मी "असतं गं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आता एकदाच नीट सांगते.

एजंट म्हणजे ग्राहकांशी बोलून त्यांची कामं करणारा एआय, आणि टूल म्हणजे एखादं काम करायला, समजा पैसे परत करायला, त्याला दिलेला छोटा प्रोग्रॅम. टूलच्या मागचा कोड एजंटला दिसत नाही. त्याच्यापुढे येतं ते टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन (मी लिहिते ते डॉक्युमेंटेशन हेच) आणि कोणती माहिती कशी द्यायची याचा तक्ता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने एआयला टूल्स जोडण्याची एक सामाईक पद्धत, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, खुला केला, त्यानंतर लोक भराभर टूल्स जोडू लागले. पण तिथेही टूल निवडताना मॉडेलच्या, म्हणजे एजंटमागच्या एआयच्या, हाती मुख्यतः एवढंच असतं. माणूस अडला की शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला शेजार नाही.

आमची कंपनी घरगुती वैद्यकीय उपकरणं ऑनलाइन विकायची. रिफंडच्या टूलचं वर्णन मी लिहिलं होतं. रकमेच्या रकान्यापुढे माझे शब्द होते: "परत करायची रक्कम." बस. ती रक्कम रुपयांत नाही, पैशांत (एका रुपयाचे शंभर) द्यायची असते, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या-देणाऱ्या सेवा, बहुधा चलनाचं सर्वांत लहान एकक घेतात, म्हणजे दशांश चिन्हाचा घोळच होत नाही. नवीन मुलगा आला की पहिल्याच दिवशी टेस्टिंगमध्ये पाचशेचे पाच झालेले बघायचा, कुणाला तरी विचारायचा आणि शिकायचा. हे ज्ञान आमच्या तोंडी होतं. कागदावर नव्हतं.

एका आजोबांनी बीपीचं मशीन परत केलं होतं. दंडाचा पट्टा छोटा पडत होता. किंमत १२५० रुपये. एजंटने टूलला १२५० हा आकडा दिला आणि आजोबांच्या खात्यात साडेबारा रुपये गेले. टूलने उत्तर दिलं, "यशस्वी". तेवढ्या एका शब्दावर एजंटने त्यांना कळवलं की तुमचे साडेबाराशे रुपये पाठवले आहेत. त्यांनी तक्रार केली. एजंटने दिलगिरी व्यक्त केली आणि टूल पुन्हा चालवलं. पुन्हा साडेबारा. मग तिसऱ्यांदा. एका पेमेंटवर थोडाथोडा रिफंड अनेकदा करता येतो, त्यामुळे गेटवेने कुठेच हरकत घेतली नाही.

शेवटी त्यांनी ऑफिसात फोन केला, आणि तो मी उचलला. "ताई, तुमचं मशीन म्हणतंय पैसे दिले. मी दोनदा जाऊन पासबुक भरून आणलं. साडेबारा-साडेबाराच्या तीन एंट्र्या आहेत. माझंच वाचायला काही चुकतंय का?"

त्यांना राग आला नव्हता. त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर शंका आली होती. तीन वेळा इतक्या सभ्य, ठाम भाषेत "पैसे दिले" असं सांगितल्यावर दुसरं काय होणार? त्याच दिवशी त्यांचे पैसे आम्ही हाताने पाठवले, आणि मग यादी काढली. ते एकटे नव्हते.

चूक माझी एकटीची होती का? नाही. शंभरपटीचा फरक पकडणारी तपासणी कोडमध्ये कुणी ठेवली नव्हती. "यशस्वी" एवढंच सांगणारं टूल मी बनवलं नव्हतं. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पण ती ओळ लिहिताना माझ्या मनात काय होतं तेही मला आठवतं: रक्कम म्हणजे रक्कम, त्यात आणखी काय लिहायचं! १९७१ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल आलं, त्यातही आज्ञांच्या खाली "बग्ज" असा मथळा होता, म्हणजे ही आज्ञा कुठे फसते ते. हे मी नवीन मुलांना कौतुकाने सांगायचे. स्वतः लिहिताना मात्र कुठे फसतं ते लिहिलं की टूल कच्चं दिसतं, असं मला वाटायचं.

आमचा एक डेव्हलपर म्हणाला, "रकान्याचं नावच 'रक्कम पैशांत' ठेवलं असतं, तर तुझ्या वर्णनाची गरज पडली नसती." आठवडाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. त्याचं बरोबर होतं. पण दुसऱ्यांदा टूल चालवण्याआधी पहिल्या रिफंडचं काय झालं ते बघ, हे कुठलं नाव सांगणार? प्रोटोकॉलच्या मार्च २०२५च्या आवृत्तीत अशा खुणा आल्या: हे टूल फक्त वाचतं, हे काही नष्ट करू शकतं, हे पुन्हा चालवलं तरी परिणाम वाढत नाही. पण त्या नुसत्या सूचना आहेत. त्यांनी दार बंद होत नाही.

आता त्या वर्णनात लिहिलंय: रक्कम पैशांत, १२५० रुपयांसाठी १२५०००, आधी रिफंड झालाय का ते तपासा, शंका असेल तर माणसाकडे द्या. टूलही आता किती रुपये गेले आणि किती उरले ते सांगतं.

मग सगळंच लिहून ठेवावं का? तेही करून पाहिलं. एका टूलवर दीड पान लिहिलं. टूल्स बरीच असली की सगळी वर्णनं बहुधा एकदम मॉडेलपुढे जातात, जागा खातात, आणि एकसारख्या टूल्समध्ये त्याची गल्लत होते. आमच्या एजंटची झाली. मग निम्म्याहून जास्त मजकूर काढला. काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा नियम मला अजून सापडलेला नाही.

डिलिव्हरीच्या तारखेच्या टूलमध्ये माझी एक ओळ आहे: ग्राहक मराठीत "परवा" म्हणाला तर ते होऊन गेलेलं की यायचं, हे वाक्यावरून ठरवा; कळलं नाही तर विचारा. ही ओळ मी दोनदा काढली आणि दोनदा परत घातली. टीममधले म्हणतात, नवीन मॉडेलला एवढं समजतं, काढून टाक. मी तपासून पाहिलं, बहुतेक वेळा समजतं. ओळ अजून तिथेच आहे.