वाळवंटातले पाणी कोणत्या जातीचे होते?

वाळवंटात एके काळी पाणी होते, एवढेच कळून फारसे काही हाती लागत नाही. ते जमिनीतून झऱ्याच्या रूपाने वर येत होते की डोंगरांवरून वाहत येऊन सखल भागात साचत होते, बारमाही होते की हंगामी, त्यात खार असेल तर तो कोणता, हे खरे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे देणाऱ्या साक्षीदारांत मला सर्वांत भरवशाचे वाटतात ते ऑस्ट्रॅकॉड. कोळंबी आणि खेकडा यांच्याच कवचधारी गटातला हा जीव बहुधा खसखशीच्या दाण्याएवढा असतो आणि चुनखडीच्या दोन झडपांच्या कवचात राहतो. प्रौढ होईपर्यंत तो आठ वेळा कात टाकतो. जुन्या झडपा तळाच्या चिखलात राहतात आणि नव्या झडपांसाठी लागणारे कॅल्शियम तो भोवतीच्या पाण्यातूनच घेतो. त्यामुळे प्रत्येक कवच म्हणजे त्या थोड्या काळातल्या पाण्याची नोंद असते.

कॅलिफोर्निया आणि नेवाडातल्या वाळवंटी खोऱ्यांत या नोंदींचे मोल विशेष आहे, कारण तिथल्या अनेक खोऱ्यांतून पाण्याला समुद्राकडे जायला वाटच नाही. आत आलेले पाणी फक्त बाष्प होऊन निघून जाते आणि क्षार मागे राहतात. पाणी आटू लागले की आधी चुनखडी तळाशी बसते. तिच्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट सारख्याच प्रमाणात खर्ची पडत असल्यामुळे, मूळच्या पाण्यात या दोहोंपैकी जे जास्त होते तेच शेवटी शिल्लक राहते आणि पुढच्या बाष्पीभवनाने अधिकाधिक तीव्र होत जाते. हार्डी आणि यूगस्टर या भूवैज्ञानिकांनी १९७० मध्ये मांडलेला हा विचार वाळवंटी सरोवरांच्या अभ्यासाचा पाया ठरला. एकाच कॅलिफोर्नियात ओवेन्स सरोवराच्या कोरड्या पात्रातून सोडा, म्हणजे कार्बोनेटचा खार, काढला गेला आणि ब्रिस्टल या कोरड्या सरोवरातून कॅल्शियम क्लोराइड काढले जाते, यामागचे कारण हेच आहे. आपले लोणार वाळवंटात नसले तरी त्याचे पाणी याच दोन वाटांपैकी कार्बोनेट उरण्याच्या वाटेने गेलेले आहे, म्हणूनच तिथे एके काळी खार गोळा केला जात असे.

हा फरक ऑस्ट्रॅकॉडना अचूक कळतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले रिचर्ड फॉरेस्टर यांनी १९८३ मध्ये एकाच प्रजातीगटातल्या दोन जाती शेजारी ठेवून दाखवले की लिम्नोसायथेरे सॅपेन्सिस बायकार्बोनेटने (पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटच्याच एका रूपाने) भरलेल्या, कॅल्शियम उरले नाही अशा पाण्यात राहते, तर लिम्नोसायथेरे स्टॅप्लिनी नेमकी उलट्या प्रकारच्या पाण्यात. दोघींनाही खारटपणा बराच सोसतो, पण चुकीचा खार सोसत नाही. पाणी किती खारे यापेक्षा ते कशाने खारे, हे त्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते, आणि नुसते क्षारांचे थर पाहून ही गोष्ट इतक्या सहज कळत नाही.

दुसरा धागा पाण्याच्या सातत्याचा. पावसाळी डबक्यांत राहणाऱ्या अनेक जातींची अंडी वर्षानुवर्षे कोरड्या मातीत तग धरतात. डार्विन्युला स्टीव्हनसोनी मात्र पिल्ले कवचाच्या आतच वाढवते आणि दुष्काळ सोसणारी अंडी घालत नाही. ती थरात भरपूर सापडली, तर तिथे पाणी टिकून होते असे मी निःशंकपणे मानते.

अर्थात कवच कुठून आले, हे आधी तपासावे लागते. चिखलाचा नमुना भिजवून बारीक चाळणीवर हलक्या धारेखाली धुतात, आणि वाळल्यावर उरलेले कण काळ्या ताटलीत पसरून, सूक्ष्मदर्शकातून पाहत, मोजक्याच केसांच्या ओल्या कुंचल्याने एकेक झडप उचलतात. पिल्लांपासून प्रौढांपर्यंत सर्व वयांच्या झडपा एकत्र मिळाल्या, तर ते जीव तिथेच जगले असे समजावे. एकाच मापाच्या झडपा मिळाल्या, तर त्या बहुधा प्रवाहाने निवडून आणून टाकलेल्या असतात. काचेसारखी पारदर्शक झडप आणि खडूसारखी पांढुरकी, झिजलेली झडप यांना मी कधीच सारखे वजन देत नाही.

या सगळ्याचा कस लास वेगासच्या खोऱ्यात लागला. शहराच्या उत्तरेकडचे फिकट थर पूर्वी मोठ्या सरोवराचा गाळ समजले जात होते. भूवैज्ञानिक जे क्वेड यांनी १९८६ मध्ये ते झरे आणि दलदलींचे थर असल्याचे मांडले आणि पुढे तिथल्या ऑस्ट्रॅकॉडनीही झरे, ओढे आणि उथळ पाणथळी यांचीच साक्ष दिली. सरोवर असते, तर वरून वाहत आलेले पाणी साचल्याचा अर्थ निघाला असता. झरे होते याचा अर्थ भूजलच जमिनीच्या पातळीपर्यंत चढलेले होते. यातल्या काही थरांना २०१४ मध्ये ट्यूल स्प्रिंग्स राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण मिळाले. त्याच खोऱ्यातले लास वेगासचे मोठे झरे मात्र भूजलाच्या उपशामुळे १९६२ मध्ये वाहायचे थांबले होते. या प्रदेशात जे झरे अजून जिवंत आहेत, त्यांच्या तळाच्या चिखलाची तपासणी विहिरींच्या पातळीच्या मोजणीइतक्याच नियमाने व्हावी, असे मला मनापासून वाटते. विहीर पाणी किती खाली गेले ते सांगते, आणि झऱ्यातल्या जाती बदलू लागल्या तर त्या पाण्याचा स्वभाव बदलत असल्याचे कळते.